मंगळवारचं पोट

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी सगळं लिहिते: दूध, सिलिंडर, पाण्याची वेळ. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्यात 'पोट' आलं. तिसरीतली लेक सकाळी पोट धरून बसायची. बोटं गारठलेली, कान लालबुंद. ओवा दिला, कर्जतला डॉक्टरांना दाखवलं. पोट ठणठणीत!

महिना संपला, पान उलटताना बघते तर काय, चारही 'पोट' मंगळवारी! मी एकटीच ओरडले, "सापडलं!" मंगळवारी तिसरीचा परिपाठ. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सुविचार सांगायचा, आणि तिचा नंबर जवळ आला होता.

मी लगेच यादी केली. ताठ उभं राहा, खोल श्वास घे... अकरा मुद्दे. ती वाचून लेकीला उलटी झाली.

"अगं, एक ओळ तर म्हणायची!"

"सगळे माज्या तोंडाकडं बघतात गं. मग घसा सुकतो, शब्द आतच जातात."

यादी फाडली. संध्याकाळी कडावच्या आमच्या शेतावर गेलो. लोंब्या भरत होत्या, पाखरं उतरली होती. लेकीनं बांधावरून अशी आरोळी ठोकली की पार ओढ्यापलीकडचा माणूस वळला.

"आता नाही घसा सुकत?"

"आता सगळे पाखरांकडं बघतात ना!"

दुसऱ्याच दिवशी मी शाळेत. म्हटलं, "बाई, सुविचार नको, तिला हुकूम द्यायला उभी करा. बाजूला. सावधानमध्ये पोरं समोर झेंड्याच्या खांबाकडे बघतात."

बाई हसल्या. "ही? ताई, ही 'हजर'सुद्धा माझ्या कानात सांगते!"

"एक मंगळवार द्या."

मंगळवारी पोट दुखलंच. कान लाल, बोटं गार. तरी गेली. मी कुंपणाबाहेर उभी. प्रार्थना संपली. शांतता. अजून शांतता.

"शाळाऽऽ साऽवधान!"

कुंपणावरची कोंबडी फडफडत खाली पडली. बाईंनी टाचा जुळवल्या, मीही! मागच्या रांगेतून आवाज आला, "आयला, ही बोलते?"

"विश्राम!" त्यालाही तिचा हुकूम पाळावा लागला.

परिपाठ सुटल्यावर ती कुंपणाशी धावत आली, माझा हात धरला. "आई, तुजी बोटं गार का गं?"

संध्याकाळी घरी मंगळवारच्या चौकटीत 'पोट' लिहिलं. तिनं पेन्सिल घेऊन पुढे आणखी एक लिहिलं, 'आईचं पण'.