तपासल्याशिवाय द्यायचं नाही

आमच्या ह्यांना बाजारात सगळे डॉक्टर म्हणतात. दवाखाना म्हणजे जिन्याखालची खोली, पण ऐट विचारू नका. डोळ्याला भिंग, हातात सोल्डरिंग आयर्न आणि तोंडाला कुलूप. वस्तूची विचारपूस करतील, माणसाची नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी 'बरी आहेस का' म्हणून विचारलं नाही. मिक्सर घरघरला की मात्र धावत येतात.

त्यांचा एकच नियम, सासऱ्यांनी घालून दिलेला. वस्तू पूर्ण तपासल्याशिवाय द्यायची नाही. बाकीचे दुकानदार दिवा लागला की वस्तू पिशवीत घालून मोकळे. हे नाहीत. कुणाच्या मोबाइलचं चार्जिंगचं तोंड बदललं, तर चार्ज होतोय एवढ्यावर थांबणार नाहीत, त्यातून फोटो जातात का तेही बघतील. मला याचं फार कौतुक होतं. जळ्ळं मेलं ते कौतुक!

ह्यांची थोरली बहीण एकदा साबणाची डबी घेऊन आली. डबी तिच्या नवऱ्याने, आमच्या भावोजींनी केलेली. कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचून हा नाद लागला. आत हिरवा बोर्ड, वर चिमुकला पडदा आणि एक बटण. ताई गोळ्या घ्यायची टाळाटाळ करायच्या, म्हणून हा खटाटोप. वेळ झाली की डबी पिंपिं करायची आणि पडद्यावर यायचं, 'राणीसरकार, गोळी.' ताईंनी गोळी न घेता लगेच बटण दाबलं तर, 'खोटं बोलू नकोस, पाणी प्यायल्याचा आवाज आला नाही.' ताई हसत सुटायच्या. रोज नवीन टोमणा, किती भरून ठेवले होते देव जाणे. भावोजी गेले, त्यांचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, पण डबी टोमणे मारत राहिली. ताई तिला उलट उत्तरंही द्यायच्या.

मग फडताळ पुसताना वायर ओढली गेली आणि बोर्डाचं यूएसबीचं तोंडच उपटून आलं. डबी गप्प.

"आत त्यांचं सगळं आहे रे, जपून," ताई म्हणाल्या.

"ताई, मी फक्त तोंड बदलतोय. आतल्याला कशाला हात लावू?"

दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा काम चाललंच होतं. तोंडाबरोबर बोर्डावरची तांब्याची रेघही उचकटली होती. ह्यांनी केसाएवढी तार घेऊन ती श्वास रोखून जोडली, नवं तोंड बसवलं, वर डिंकाचा थेंब सोडला. खोटं कशाला बोलू, हाताला तोड नाही माणसाच्या.

तिथेच थांबायचं ना! चार्जर लावला असता तर डबी बोलली असती. पण चार्जरने नुसती वीज कळते, माहिती नेणाऱ्या तारा जुळल्यात की नाही ते कळत नाही. म्हणून ह्यांनी नेहमीसारखा बोर्ड कॉम्प्युटरला जोडला आणि आपला तपासणीचा प्रोग्राम त्यात भरला, दिवा लुकलुकवणारा. दिवा लुकलुकला.

"फर्स्टक्लास!" हे म्हणाले आणि जेवायला बसले. मस्त दोन घास जास्त खाल्ले.

असल्या बोर्डात एका वेळी एकच प्रोग्राम राहतो. नवा आला की जुना पुसला जातो. हे ह्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण हाताला लागलेली सवय डोक्याला विचारते थोडीच?

ताई आल्या. डबी मांडीवर घेऊन, वायर लावून बसल्या. पडदा कोरा, आत दिवा लुकलुकतोय. "वेळ व्हायचीय अजून," मलाच समजावत म्हणाल्या. वेळ झाली. टळून गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे डोळ्याचं भिंग काढून ठेवत होते.

"ताई, पुसलं गेलं. मी तपासायला म्हणून..."

"परत भर की मग."

"माझ्याकडे नाही गं. कुणाकडेच नाही."

ताई रडल्या असत्या, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी नीट वायर गुंडाळली. म्हणाल्या, "मोडकी होती तेव्हा आत होते रे ते."

बाजारातल्या कुठल्याही भुरट्याकडे नेली असती, तर आज भावोजी बोलत असते. हे मी ह्यांच्या तोंडावर बोलले.

आता हे रोज गोळीच्या वेळेला ताईंना फोन लावतात. "घेतलीस का?" त्या म्हणतात, "घेतली." "बरं," म्हणून हे फोन ठेवतात आणि कामाला लागतात. परवा मी ताईंकडे गेले होते. गोळ्यांची पाकिटं उशाशी तशीच पडलीत, एकही फोडलेलं नाही. ह्यांना खरंच वाटतं, ताई गोळी घेतात म्हणून. डबीला नसतं वाटलं.