जुन्या दारावरची पाटी

सांगितलेली गोष्ट समोरच्याच्या डोक्यात नीट उतरवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि ते म्हणजे नांदेडचे आमचे थोरले साडू, हे मी लातूरच्या भर चौकात उभं राहून सांगायला तयार आहे. पाहुण्याला घराचा पत्ता सांगतानाही ते म्हणणार, "पुलाच्या अलीकडं उतरा. पलीकडं उतरलात तं चूक माझी. तिथून ऑटो करा, निळ्या टाकीपाशी थांबा." त्याआधी ते स्वतः मुद्दाम पलीकडं उतरून आलेले असतात. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, एकदा माझ्या बायकोला फोनवर शेंगदाण्याची चटणी सांगत होती. मधेच साडू म्हणाले, "लई वाटली की तेल सुटतं, ते सांगितलंच न्हाई तू!" अक्का म्हणाली, "मग तुम्हीच वाटा." त्यांनी वाटली. तेल सुटेपर्यंत वाटली, खात्री करायला.

कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये नोकरी करता करता त्यांना या स्वभावाजोगं काम सापडलं. मजकूर लिहायचा एक फुकट एडिटर आहे, जगभर वापरतात. तीच ती कामं त्याच्याकडून आपोआप करून घ्यायची तर फंक्शनांच्या, म्हणजे त्यातल्या ठरलेल्या कामांच्या, नावानं हुकूम सोडावे लागतात. कुठल्या फंक्शनला काय द्यायचं, ते काय परत देतं, याची इंटरनेटवरची माहितीपानं साडू हौसेनं ताजी ठेवतात. एकेक उदाहरण आधी चालवून पाहतात, मग मुद्दाम चुकवूनही पाहतात.

पुढं एडिटरची नवी आवृत्ती आली, कितीतरी फंक्शनांची नावं बदलली, आणि तो चालवणाऱ्या मंडळींनी जुन्या नावांची पानं सरळ पुसायला घेतली. त्याच आठवड्यात नायगावच्या वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. पुस्तकांची यादी काढायचे त्यांचे जुने हुकूम चालेनात. "सर, तुमचं पान उघडलं तं तिथं काहीच न्हाई. माझंच काही चुकलं का?" साडूंनी नवी नावं सांगून यादी काढून दिली, पण बाईंचं शेवटचं वाक्य त्यांना लागलं. दोन दिवस जेवले नाहीत असं अक्का सांगते. माझ्या माहितीप्रमाणे एक वेळ.

पूर्वी त्यांचा शिंपी न सांगता दुकान हलवून गेला, तेव्हा साडूंनी त्याला हुडकून झापलं होतं. "गेलात तं गेलात, पाटी लावायला काय झालं? गिऱ्हाईक बंद शटरला इचारून राहिलं!" आणि परत येऊन जुन्या शटरवर खडूनं नवा पत्ता लिहिला होता. आता तेच त्यांनी एडिटरवाल्यांना कळवलं, इंग्रजीत, झापणं वगळून. उत्तर आलं, जुनी अडगळ कशाला, आणि लिहिणार कोण? साडूंनी कळवलं, मी. शिल्लक रजा टाकली आणि प्रत्येक जुन्या नावाचं पान पुन्हा लिहून काढलं: हे नाव बंद, त्याऐवजी हे वापरा, फरक एवढाच, चालवून पाहिलं आहे. मंडळींनी ती पानं घेतली, वर नियमच केला की अशी पाटी लावल्याशिवाय एकही नाव काढायचं नाही. जगात कुठंही तो एडिटर उघडा, हा नियम नांदेडचा आहे, माझ्या साडूंचा आहे! मला त्यातलं एकही फंक्शन कळत नाही, तरी लातुरात मी ज्याला त्याला हे सांगत सुटतो.

निवृत्त झाल्यावर ते दोघं लेकीकडं पुण्याला गेले. परवा कामासाठी नांदेडला गेलो, तर ठाऊक असूनही पाय त्यांच्या घराकडंच वळले. दाराला कुलूप, आणि वर त्यांच्या अक्षरातला कागद: "आम्ही आता येथे राहत नाही. चहासाठी शेजारच्या मामींकडे जावे. फरक एवढाच, साखर कमी. पिऊन पाहिला आहे."

कागद मी दोनदा वाचला. मग मामींचं दार वाजवलं. साखर खरंच कमी होती, आणि मला साडूंची फार आठवण आली.