अंधारात लागेल असा फोनू

"डोळे मिटून कुणी फोनो लावतं का, पाहुणे?" दुकानदार हसला आणि हैबतीचं टाळकं सटकलं.

"आमची आय लावनार हाय. तिला दिसत न्हाई," असं म्हणून त्यानं पुन्हा डोळे मिटले आणि चाचपडायला सुरुवात केली. हात घसरला, ग्रामोफोनची सुई तबकडीवरून कर्रकन ओढली गेली आणि दुकानदाराचं हसू जिथल्या तिथं विरलं. त्यानं हैबतीला दंडाला धरूनच बाहेर काढलं. पुण्यात दुसरी दुकानं नव्हती असं नाही, पण बाकीच्यांनीही त्याला असंच काढलं होतं.

हैबती पुण्यातल्या एका दुधाच्या गोठ्यावर कामाला. घर वेल्ह्याच्या वर, डोंगरातल्या धनगरवाड्यावर. वाड्यावर घरं मोजकी, तीही एकमेकांपासून लांब. बाप बाजी उजाडताच म्हशी घेऊन रानात जायचा तो दिवेलागणीला परत. आई धोंडाबाई दोन्ही डोळे गेल्यापासून घरात एकटी. मागच्या खेपेला ती सहज बोलून गेली होती, "दिस सरतच न्हाई बग. कानात नुसतं घूं हुतं." तेवढं बोलणं हैबतीच्या डोक्यातून जाईना. घरात दिवसभर कुणाचा तरी आवाज पाहिजे आणि तो तिचा तिला लावता आला पाहिजे. मागणं एवढंच! पण एका दुकानदाराच्या डोक्यात शिरेल तर शपथ. जो तो नव्या पेट्या दाखवायचा. झाकण असं उघडा, कळ अशी दाबा, वेग इथं बघून लावा. बघून! अरे बाबांनो, तिला बघता येत असतं तर ती म्हशींमागं नसती का हिंडली?

शेवटी जुन्या बाजारात एक भोंग्याचा फोनू दिसला. भोंगा चेपलेला, रंग उडालेला. हैबतीनं डोळे मिटले, भोंग्याच्या तोंडावर हात ठेवला आणि तसाच खाली सरकवत नेला, तर हात बरोबर सुईच्या मुंडीवर आला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. "ह्योच!" तो एवढ्यानं ओरडला की बाजारातली माणसं वळून बघायला लागली.

नसरापूरपर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी, भोंगा डोक्यावर. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय हैबती, वरात कुठं हाय?" हैबती भोंगा सावरत पुढं चालायचा. मान मोडायला आली होती.

पण धोंडाबाई काय हुशार! चावी भरणं, सुई बदलणं, भोंग्यावरून हात उतरवणं, सगळं दोन दिवसांत तिच्या हाताला आलं. तबकडीची सरळ बाजू कळावी म्हणून हैबतीनं मधोमध मेणाचा ठिपका लावून दिला. बाजी दारात बसून चेष्टा करायचा, "पाव्हनी बरी हाय, दिसभर गाती आन् दूध बी मागत न्हाई." हैबती निश्चिंत मनानं पुण्याला गेला.

पावसाळाभर त्याचं येणं झालं नाही. आला तो दसऱ्याला. वाड्यावरची रीत अशी होती, की येणाऱ्यानं खालच्या खिंडीतून हाळी द्यायची आणि घरातून हाळी आली की वर चढायचं. जातानाही तसंच, फक्त शेवटची हाळी जाणाऱ्यानं द्यायची आणि ती ऐकून घरच्यांनी आत जायचं. हैबतीला आता पुण्याची सवय लागलेली. तो मुकाट्यानं चढला आणि दारात उभा राहिला.

"कोन हाय?" धोंडाबाई दचकली. तिचा हात काठी शोधायला लागला.

"म्या हाय, आये."

"हाळी न्हाई, काय न्हाई! चोरावानी काय येतुयास?"

हैबतीचं तिकडं लक्षच नव्हतं. तो तबकड्यांकडं बघत होता. एकही सपाट नव्हती. सगळ्या पापडासारख्या वाकड्या झाल्या होत्या.

"आबा! ह्ये काय झालं?"

"पावसाच्या वलीनं बुरा चढला हुता," बाजी म्हणाला. "उघडीप पडली तशी घोंगड्यांसंगं खडकावर वाळत घातल्या."

"वाळत? आवं, लाखंची असती ती! बांगडीची लाख उनात ठिवता का तुमी? सारं पुनं पालथं घातलं म्या हिच्यापायी, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आन् तुमी..." बाजी खाली मान घालून बसला. बापाला असं बसलेलं बघून हैबतीला आणखीच चीड आली.

"त्येंच्यावर वरडू नगं," धोंडाबाई म्हणाली. "मला तर आता लई ग्वाड लागतंय." तिनं चावी भरली, भोंग्यावरून हात उतरवला आणि सुई टेकवली. तबकडीतल्या बाईचा आवाज खाली जायचा, वर यायचा, पुन्हा दबायचा.

"आदी ती हितं मांडीला मांडी लावून गायची, परक्यावानी. आता बग, खालनं येतीया. वळनामागं गेली की आवाज दबतुया, म्होरं आली की वर येतुया. कड चढताना मानूस हाळी देतंय तसंच. म्या बी उलट हाळी देते."

"रोज देती," बाजी हळूच म्हणाला. "म्हशींमागं असलो तरी मला आयकू येतं."

"आन् मग?" हैबतीनं विचारलं.

"मग काय?" धोंडाबाई म्हणाली. "चावी उतरती. पोचत न्हाई ती."

हैबतीचा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. नव्या तबकड्या घेऊन येतो, असं सांगून निघाला. खिंडीत थांबला आणि पोटातून हाळी दिली. वरून आईची लगेच आली, खणखणीत. त्यानं पुन्हा दिली. पुन्हा आली. आता शेवटची द्यायची आणि उतरायचं, नाहीतर मोटार चुकायची. "दे की, गाढवा," तो स्वतःवरच खेकसला. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ती हाळी ऐकल्याशिवाय आई दारातून हलणार नव्हती, आणि ऐकली की तिला आत जावं लागणार होतं.