स्वयंपाकघराची खिडकी

रोह्यात मी सुतारकामाचं दुकान टाकलं, तेव्हा जवळच्या वरसे गावातल्या एका बंगल्याच्या खिडक्यांच्या चौकटी हे माझं पहिलं मोठं काम. लोखंडी जाळ्या पेणचे एक ग्रिलवाले बनवत होते. वयानं मोठे, फार न बोलणारे.

जाळ्या बसवायच्या दिवशी स्वयंपाकघराची जाळी चौकटीत जाईना. त्यांनी टेप लावली नि माझ्याकडे पाहिलं. माझी चौकटच बोटभर वाकडी होती. मालक शेजारीच उभे.

"माझं माप चुकलं. उद्या बदलून आणतो," ग्रिलवाले म्हणाले.

मालक त्यांना वाट्टेल तसं बोलले. मी गप्प राहिलो, याची लाज मला अजून वाटते.

ग्रिलवाले टेम्पोत बसताना मी धावत गेलो. "काका, चूक माझी होती."

"व्हय, ठाऊक हाय. पण तुमचं दुकान नवं हाय. आज चौकट सरळ करून ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच जाळी परत आणली आणि ती अलगद बसली. मग मीच मालकांना खरं सांगितलं. काका वैतागले, "तुम्हाला गप्प बसता येत नाय!" आणि खो खो हसले.

पुढे कित्येक घरं आम्ही जोडीनं केली. आता दोघांचीही दुकानं मुलं बघतात. पेणला गेलो की आम्ही चहा पिऊन गल्ल्यांतून हिंडतो. "ही खिडकी आपली," काका बोट दाखवतात, आणि आम्ही तिथे जरा वेळ थांबतो.