दोनशे चौदा सह्यांची एक हरकत

सावळीराम फुलवाल्याची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा होती: कागद एकच असावा. मखमलाबादकडच्या त्याच्या गावात बांधाची भांडणं मिटायची ती एका कागदावर, खाली सगळ्यांचे अंगठे. कागद बहुतेकदा सावळीरामच लिहायचा. "दोन कागद झाले की दोन तोंडं होत्यात," म्हणायचा. त्याचं स्वतःचं एकच तोंड चौघांना पुरून उरतं, हे बायकोचं, कलाबाईचं मत.

पंचवीस वर्षं दोघं पहाटे झेंडू-शेवंती तोडून नाशकातल्या एका रस्त्याच्या कडेला विकत आले. आधी तिथं मोकळं रान होतं. मग सोसायट्या उगवल्या आणि त्यांच्या देवघरांत सावळीरामचीच फुलं गेली. यंदा महापालिकेच्या नव्या नियमाचा मसुदा निघाला: निवासी रस्त्यांवर फुलं-भाजी विकायला बंदी. कुणाला काही म्हणायचं असेल, तर महिन्याभरात लेखी द्या.

सावळीराम उलट खूश. "आपल्याला इचारत्यात! लोकांचं ऐकून कायदा होणार, मंग भ्यायचं कशाला?"

तीन आठवडे तो सह्या घेत हिंडला. विक्रेते झाले, मग सोसायटीतली गिऱ्हाईकं. कागद संपला की खळ लावून पुढचा चिकटवायचा. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला ती गुंडाळी घेऊन तो कचेरीत गेला. दोनशे चौदा सह्या.

आवक टेबलावरच्या भिकन नावाच्या लिपिकानं ती उलगडली. टेबल संपलं, कागद संपेना. त्यानं शिक्का मारला.

"झालं काका. एक हरकत."

"एक? अहो, दोनशे चौदा माणसं हायेत त्यात!"

"माणसं असतील. अर्ज एकच आहे."

भिकन तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं स्क्रीन वळवून दाखवली. सोसायट्यांकडून बंदीच्या बाजूनं तीनशे आठ मेल आले होते. मजकूर शब्दन्‌शब्द तोच, खालचं नाव तेवढं वेगळं.

"हे एक नाय का मंग?"

"प्रत्येकानं वेगळं पाठवलंय ना. म्हणून तीनशे आठ."

सावळीरामची नजर एका नावावर अडकली. किशोर, बी विंगवाला. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. "यांची सही माझ्या कागदावर बी हाय!"

"असेल," भिकन म्हणाला. "तोंडावर नाही कसं म्हणायचं? पाचपर्यंत वेगवेगळे अर्ज आणा काका. जेवढे आणाल तेवढ्यांना नंबर देतो."

सावळीरामनं कलाबाईला फोन लावला. दसरा दोन दिवसांवर होता.

"आत्ता?" ती कडाडली. "बाया गिऱ्हाइकात हायेत! लोकांचं मत पायजे म्हणून लोकांनी धंदा सोडून पळायचं व्हय? आन् तुमाला शंभर डाव म्हनलं, एकेकाचं घ्या!"

असं ती कधीच म्हणाली नव्हती, पण ही वेळ वाद घालायची नव्हती. चार-पाच रिक्षा करून ती अठरा बायांना घेऊन आली. सावळीराम लिहीत होता, बाया अंगठे उठवत होत्या. पाचाला भिकननं रजिस्टर मिटलं, तेव्हा कलाबाईचा धरून आणखी एकोणीस अर्ज झाले होते.

महिन्यानं नियम झाला. अहवालात लिहिलं होतं: बाजूनं तीनशे आठ, विरोधात वीस. जनमत स्पष्ट आहे. सावळीरामनं ते ओटीवर बसून दोनदा वाचलं. खोटं शोधत होता, एकही सापडलं नाही. ज्यांनी त्याच्या भरवशावर सह्या केल्या होत्या, त्या बाया आता विचारायच्या, "भाऊ, आमचं नाव कुठं गेलं?" तो दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागला.

बसायला जागा मिळाली ती पंधरा दिवसांनी, दोन किलोमीटरवर, एका पुलाखाली. पहाटे पूजेच्या वेळेला तिथं कुत्रं फिरकत नाही. पहिल्याच दिवशी किशोरचा फोन आला. "काका, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. फुलं घरपोच द्याल का?"

सावळीरामनं फोन स्पीकरवर लावला होता. कलाबाईनं तो काढून घेतला.

"लेखी द्या," म्हणाली, आणि बंद केला.

शेजारची भाजीवाली खदखदून हसली. सावळीराम हसला नाही. त्यानं झेंडूवर पाणी मारलं. नऊ वाजले होते आणि पाटी काठोकाठ भरलेली होती.