हौदातलं कोमट पाणी

बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी आबा शर्टाची बाही दंडापर्यंत वर सारायचे, हौदाच्या काठावर गुडघे टेकायचे आणि उजव्या हाताचं कोपर पाण्यात बुडवायचे. बोटं नाहीत, कोपर. क्षणभर डोळे मिटून थांबायचे. मग म्हणायचे, "कोमट शे," नाहीतर म्हणायचे, "आखो एक हंडा लागी." आखो म्हणजे आणखी. तो आणखी एक हंडा मागच्या चुलीवरून तेच उचलून आणायचे.

तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी असं बघतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. इथे मात्र त्या पाण्यात उतरायला पन्नाशीचे कंपाउंडर, जाडजूड हेडक्लार्क आणि लग्न ठरलेल्या मुली पांढरे झगे घालून रांगेत उभ्या असायच्या.

ही गोष्ट धुळ्याची, आबांच्या बोलीत 'धुयानी', ऐंशीच्या दशकातली. आबा आमच्या चर्चचे राखणदार. झाडलोट, घंटा, बाकं पुसणं ही त्यांची कामं. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली सिमेंटचा हौद होता, तो भरायचा तोही त्यांनीच. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून रविवारच्या बाप्तिस्म्याची तयारी गुरुवारपासून सुरू व्हायची. येशूचा बाप्तिस्मा यार्देन नदीत झाला, आणि आमच्या मंडळीची यार्देन आबांच्या बादलीतून वाहायची. म्हणून आम्ही त्यांना यार्देनआबा म्हणायचो. ते रागवायचे नाहीत.

पाणी तापवण्यावरून एकदा एका वडीलधाऱ्या सभासदांनी हटकलं. "यार्देनचं पाणी कोणी तापवलं होतं का, आबा?"

जानेवारीचा महिना होता. आबा चुलीत काटकी सारत म्हणाले, "यार्देनले धुयानी थंडी कुठे व्हती, साहेब?"

त्या दिवशी रांगेत साहेबांची बायकोही होती. विषय तिथेच मिटला.

आता आबांची अडचण सांगतो. आमच्या मंडळीत लहान मुलाला बाप्तिस्मा देत नसत. मूल मोठं व्हावं, त्याला समज यावी, त्यानं स्वतः विश्वास धरावा आणि मग पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा, अशी शिकवण. तान्ह्या बाळासाठी फक्त प्रार्थना करून त्याचं अर्पण करायचं, पाण्याचा थेंबही नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या चर्चमध्ये मात्र आई-बापांच्या विश्वासावर तान्ह्याच्या डोक्यावर पाणी शिंपडत. दोन्हीकडे बायबल एकच, आणि जाणकार माणसंही दोन्हीकडे. हा वाद मोठमोठ्यांना सुटलेला नाही, मी काय सोडवणार.

आबांचा बाप्तिस्मा भुसावळचा होता. त्यांची आई तापीकाठच्या गावातली, तरुणपणी विधवा झालेली. रेल्वे कॉलनीत आयाचं काम करायची. आबा तीन महिन्यांचे, तापानं फणफणलेले, त्यांना मांडीवर घेऊन तिनं स्वतःचा आणि त्यांचा बाप्तिस्मा एकदमच करून घेतला. गावातल्या घरच्यांनी तिला परत घरात घेतलं नाही.

आमची मंडळी तो बाप्तिस्मा धरत नव्हती. त्यामुळे सगळ्यांचा हौद भरणारे आबा मंडळीचे सभासद नव्हते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस. ताट बाकाबाकावरून फिरायचं आणि आबांच्या पुढ्यातून सरळ पुढे जायचं. ते दारापाशी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले असायचे. उपासना संपली की ते सगळे पेले मागच्या पायरीवर बसून तेच धुवायचे.

तोडगा सोपा होता. आबांनी एकदा बुडून वर यायचं. पाळकसाहेब दरवर्षी विचारायचे, आणि आबांचं उत्तर ठरलेलं: "मना एकदा हुयेल शे." माझा एकदा झालेला आहे.

एकदा हौदाचा काठ घासताना शेवाळावरून पाय घसरला आणि आबा भरल्या पाण्यात कपड्यांसकट गेले. आम्ही तरुण मंडळी टाळ्या पिटत धावलो, "झालं, आबा बुडाले!" पाळकसाहेबही हसत म्हणाले, "मी दोन मिनिटं आधी आलो असतो, तर वचन म्हणून टाकलं असतं." आबांनी लेंगा पिळला. "पानी लागनं, पन बाप्तिस्मा नही लागना," म्हणाले. मग पाळकसाहेबांकडे वळून म्हणाले, "तुम्हीच सांगतस ना साहेब, पानी तारस नही. मंग माले आखो एकदा भिजाडीसन काय व्हई?"

पाळकसाहेबांनी आबांना कोरडा टॉवेल दिला, हेही सांगायला हवं.

मी एकदा आबांना एकटं गाठून समजवायला गेलो. मी शाळेत शिक्षक, वय बत्तीस, चर्चच्या कमिटीत, आणि आपल्याला सगळं शास्त्र कळतं असा माझा समज. आबांना सभासद करता येत नाही, असा दरवर्षी जो ठराव व्हायचा, त्याखाली माझीही सही असे. आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, त्या दिन माले बोलता येत नव्हतं. मनी माय मनाकरता बोलनी. आते ती खोटी बोलनी म्हनू का?" मी घरी येऊन बायकोला सांगितलं की म्हातारा हट्टी आहे.

माझी बायको भुसावळची. तिचाही लहानपणी पाणी शिंपडून झालेला. लग्नाच्या वेळी आमच्या मंडळीत घ्यायचं म्हणून ती हसत हसत परत बुडली होती. आबांनी तिच्यासाठी दोन हंडे जास्त तापवले होते.

आम्हाला पहिला मुलगा झाला, तो अशक्त. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "भुसावळच्या पाळकांना बोलावू या का? नुसतं शिंपडून घेऊ." मी म्हणालो, "आपल्यात तसं नसतं. मोठा होऊन तोच ठरवेल." सहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

भुसावळहून तिची मावशी आली आणि दारातच रडत म्हणाली, "बिनबाप्तिस्म्याचं लेकरू गं माझं, कुठं गेलं असेल." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

बाळाला शेवटची आंघोळ घालायची होती. आबा न बोलावता आले होते. त्यांनी अंगणात पाणी तापवलं, बाही वर केली आणि घंगाळात कोपर बुडवलं. गेलेल्या बाळाला पाणी पोळणार नव्हतं, गारही लागणार नव्हतं. तरी त्यांनी तांब्याभर थंड पाणी मिसळलं आणि पुन्हा कोपर घातलं. मग म्हणाले, "कोमट शे."

बायकोनं त्यांनाच विचारलं, "आबा, याचा बाप्तिस्मा राहिला. हा कुठे गेला?"

मला धडकीच भरली. आईनं दिलेल्या बाप्तिस्म्यासाठी ज्यानं आयुष्यभर भाकरीचा तुकडा सोडला, तो माणूस काय उत्तर देणार? आबांनी बाळाचं डोकं तळव्यावर पेललं. म्हणाले, "पोरी, माले मनी माय त्यानाकडे लई गयी. याले लेवाले तो सोता उना." याला घ्यायला प्रभू स्वतः आला, म्हणाले ते.

बायको तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडली. मीही रडलो.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट फिरवायची पाळी माझी होती. मी आबांच्या बाकापाशी थांबलो. आबा ताटाकडे बघेनात, माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "सर, हाई मनावर दया शे, का तुम्हाले पटनं?"

"पटलं," मी म्हणालो.

त्यांनी तुकडा घेतला, पेला घेतला. एक थेंबही सांडला नाही. पाळकसाहेब त्या वेळी बायबलमध्ये काहीतरी शोधत होते. मुद्दाम, असं मला वाटतं.

कमिटीनं मला ताट फिरवण्याच्या कामातून मोकळं केलं. मी आबांना म्हणालो, "पुढच्या महिन्यात कोणी थांबणार नाही." ते पायरीवर पेले धूत होते. म्हणाले, "एकदा हुयेल शे, सर." आणि खरंच, पुढे ताट त्यांच्यापुढे कधी थांबलं नाही. मी त्यानंतर ठरावावर सही केली नाही, इतकंच. त्याहून जास्त करायला हवं होतं.

आमची बदली जळगावला झाली. आबा गेल्याचं तिथे पोस्टकार्डानं कळलं, तेही मूठमाती झाल्यावर. त्या बाळानंतर झालेली आमची मुलगी सोळा वर्षांची झाली आणि तिनं आपणहून बाप्तिस्मा मागितला, तोही धुळ्याच्या हौदातच. जानेवारीत आम्ही तिघं एसटीनं गेलो. हौद भरलेला होता. नव्या राखणदाराला विचारलं, पाणी तापवलंय का. त्यानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "बाप्तिस्म्याचं पाणी तापवतात का, सर?"

मागची चूल ढासळली होती. मी दगड पुन्हा मांडले, काटक्या गोळा केल्या आणि हंडे वाहू लागलो. चार हंडे झाले तेव्हा कंबर मोडली होती. बायको हौदाच्या काठावर गुडघे टेकून बसली. तिनं बाही वर सारली, कोपर पाण्यात बुडवलं आणि डोळे मिटले.

"आखो एक हंडा लागी," ती म्हणाली.