यशोधनचा शनिवार

यशोधनला मासेमारीचा नाद मीच लावला, तेव्हा हे सांगणंही माझ्याच गळ्यात. अमेरिकेत, अल्फारेटात आम्ही शेजारी, दोघंही सॉफ्टवेअरवाले, दोघांत मिळून एक जुनी पत्र्याची बोट. मी नागपूरचा, तोंडाचा फाटका. तो पुण्याचा, शिस्तीचा. बास मासा कुठल्या महिन्यात, पाणी किती डिग्री असताना, किती फुटांवर लागतो याचं त्यानं एक्सेल केलं होतं. अकरा वर्षांचं! आणि त्यातली प्रत्येक तारीख शनिवारची. "अबे, माशाला वीकेंड कळतो का?" मी म्हणायचो. पण मधल्या वारी रजा काढायची त्याची छातीच व्हायची नाही. रजा साठवायची ती भारतात जायला आणि व्हिसाच्या शिक्क्याला. व्हिसावरच्या माणसानं मॅनेजरच्या डोळ्यांवर येऊ नये, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं.

जॉर्जियाचा हिवाळा महाबेभरवशाचा. सोमवारी टी-शर्टवर फिरा, शुक्रवारी बादलीतलं पाणी गोठलेलं. तीन दिवस लागोपाठ ऊन पडलं की तळ्याच्या काठाजवळचं उथळ पाणी तापतं, बास वर येतात आणि टाकाल ते गिळतात. थंड वारा सुटला की खोल जाऊन तोंड मिटून बसतात.

यंदा जानेवारीअखेर त्याच्या मुलाला, अक्षतला, एकविसावं वर्ष पूर्ण होणार होतं. पोरगा इथे आला तेव्हा तीन वर्षांचा. बापाचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच, आणि एकवीस झाले की बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. स्टुडंट व्हिसाचा अर्जही फेटाळला गेला. शेवटी रविवारचं तिकीट काढलं, पुण्याला, मावशीकडे. ज्या गावात पोराला धड रस्ता ओलांडता येत नाही, तिथे म्हणे 'परत' जा! डोकं फिरतं माझं.

यशोधनची आता एकच इच्छा उरली होती. जाण्याआधी अक्षतनं एक मोठा बास धरावा. इतक्या वर्षांत पोराला वीतभरापेक्षा मोठा कधी लागलाच नव्हता, आणि दर हिवाळ्यात बाप म्हणायचा, "पुढच्या वर्षी."

त्या आठवड्यात रविवारपासून कडक ऊन. बुधवारी सकाळी अक्षत धावत बाहेर आला. "बाबा, सेव्हंटी-टू डिग्रीज होणार! आजच जाऊ या ना. काका पण येतील."

मी तर बूट चढवलेसुद्धा. यशोधन लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून उभा. "आज ऑफिसात रिलीज आहे रे. शनिवारी अख्खा दिवस आपला. एक्सेल बघ, जानेवारीचा शेवटचा शनिवार चांगला जातो."

"एक दिवस आजारी पड ना, यार!" मी ओरडलो.

"नोकरी गेली तर साठ दिवसांत आम्हालाही गाशा गुंडाळावा लागेल," तो म्हणाला. मी बूट काढून ठेवले. काढायला नको होते.

गुरुवारी वारा फिरला. शनिवारी सकाळी चोवीस डिग्री, इथल्या फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्याकडच्या उणे चार. गळाच्या रॉडच्या कड्यांमध्ये दोरा गोठत होता, अक्षत फुंकर मारून बर्फ काढत होता. आठ तास आम्ही काठ न् काठ पालथा घातला. "आता लागेल बघ, त्या पडलेल्या झाडापाशी टाक," बापाचं सारखं चाललेलं. एक झटकासुद्धा नाही. चारच्या सुमारास अक्षतनं रॉड खाली ठेवला. "इट्स ओके, बाबा. पुढच्या वर्षी." सवयीनं बोलून गेला बिचारा. 

रविवारी तो गेला. पुढच्या बुधवारी पुन्हा ऊन, अडुसष्ट डिग्री. यशोधननं आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं आणि एकटाच बोट घेऊन गेला. दुपारी मला फोन आला, "जरा ये." धक्क्यावर पोचलो तर हा बोटीत बसून, आणि पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीत सात पौंडांचा बास! एवढा मला आजवर लागलेला नाही. "अबे, फोटो काढ!" मी खिशातून फोन बाहेर काढला.

"नको. अक्षत बघेल."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. तेवढ्यात अक्षतचाच व्हिडिओ कॉल. तिकडे पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले, पोराला झोप लागत नव्हती.

"बाबा, अ‍ॅपवर बघितलं, सिक्स्टी-एट! लेकवर आहेस? काही मिळालं?"

यशोधननं फोन उंच धरला, टाकी दिसू नये म्हणून. "काही नाही रे. पाणी अजून गारच आहे."

"सी? म्हणजे लास्ट वेन्सडेला पण काही मिळालं नसतं. डोन्ट फील बॅड, बाबा."

"नसतंच मिळालं," यशोधन म्हणाला.